मऊ जेवणाचे दिवस

४ एप्रिल, शुक्रवार

छोटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागेल.

मी बरी आहे. पोटावर बारीक बारीक डाग आहेत, बाकी काही नाही. डॉक्टरांनी टाके तुझ्यापेक्षा बरे घातलेत, हे तुला चिडवायला सांगतेय. चक्करबिक्कर येत नाही. दुकान रोज उघडते, दुपारी जरा बंद ठेवते इतकंच.

आजपासून मला मऊ जेवणाची परवानगी मिळाली. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग बाळांना भरवतात तसलं वाटलेलं, आणि आता मऊ. मऊ म्हणजे काट्याने दाबलं की मोडेल ते. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी हे असं सांगितलं, जशी काही मला लॉटरीच लागली. "आता दही, अंडं, उकडलेला बटाटा, मासासुद्धा! मजा आहे तुमची!" ही मजा बाळाच्या चमच्याने करायची. घास तोंडातल्या तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावरही बराच वेळ नाही. एवढ्याशा वाटीला मला जितका वेळ लागतो, तितक्यात आपण दोघी पूर्वी जेवून, वर गोड खाऊन, भांडी घासून मोकळ्या व्हायचो.

अंडं खाल्लं. छान लागलं.

तुझा राग मला कळतो असं मी म्हणणार नाही, कारण कळत नाही. दोघींनी मिळून ठरवलं होतं. माझे गुडघे, तुझी साखर, दोघींचा झोपेत अडकणारा श्वास. वजन उतरवायला पोट लहान करायचं ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच खोलीत शेजारी शेजारी खाटा. आणि सकाळी मी तोंड धुऊन येते, तर तुझ्या खाटेवर दवाखान्याचा झगा घडी घालून ठेवलेला. बाह्या आत, गळा वर, शिंपिणीला शोभेल अशी घडी. पळून जाणारं माणूस कधी घडी घालतं का गं? नर्स विचारायला लागली, बहीण कुठे गेली म्हणून. मी म्हटलं, चहा प्यायला. तिच्या तोंडचं पाणीच पळालं, आपल्याला सकाळपासून उपाशी राहायचं होतं ना. मग सगळा मजला तुला शोधत होता आणि मला एकटीलाच आत नेलं.

आणि एक गोष्ट. मावशीकडे तू गेलीस ती तुझ्या मर्जीने. मी तुला जा म्हटलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की यापुढे या घरात पूर्वीसारखं शिजणार नाही आणि माझ्यासमोर कुणी ते खाणार नाही. माझं पोट कापलंय, एवढं मागायचा मला हक्क नाही का?

मावशीला नमस्कार सांग.

ताई


१२ एप्रिल, शनिवार

छोटे,

मावशीचा फोन आला होता. तू पत्र वाचलंस म्हणाली, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. ठीक आहे. मी लिहीत राहते, मला तरी दुसरं काय काम आहे.

अंड्याचं खोटं सांगितलं. छानबीन काही लागलं नाही. बलक अडकला. छातीच्या मधोमध येऊन बसला, खाली जाईना की वर येईना. घाम फुटला, तोंडात फेस आला, शेवटी बेसिनवर वाकून सगळं काढलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. नंतर बेसिनला धरून उभी राहिले आणि तुझी आठवण आली, कारण पाठीवरून हात फिरवायला कुणी नव्हतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

लोकांना वाटतं मी भुकेने तळमळत असेन. अगं, भूकच नाही. डॉक्टर म्हणतात काही महिने असंच राहील. आपण दोघी जन्मभर जिचे लाड करत आलो, ती निघून गेली आणि आता संध्याकाळी काय करायचं हे मला कळत नाही. दुकानाचं शटर ओढलं की खरं तर आपला दिवस सुरू व्हायचा. आज काय करायचं, किती करायचं, तू चिरतेस की मी चिरू, कालचं उरलंय ते कशात घालायचं. आता शटर ओढते, वाटीत दही घेते आणि खिडकीतून समोरच्यांचे दिवे बघत बसते. रेडिओ लावते, तोही कंटाळवाणा वाटतो. झोपायची वेळ काही केल्या होत नाही.

गल्लीतले सगळे म्हणतात, किती छान दिसायला लागलात. शेजारचे इस्त्रीवाले काका परवा म्हणाले, "ताई, तुम्ही तर अर्ध्या झालात!" मी म्हटलं, "अर्धी मावशीकडे गेलीये." त्यांना काही कळलं नाही, पण हसले बिचारे.

कपडे अंगावर लोंबतात. आत घ्यायला हात होत नाही, ते तू शिवलेले आहेत. पिना लावते आणि वर जाकीट घालते.

उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई


२३ एप्रिल, बुधवार

छोटे,

आज जरा बरी बातमी. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा झगा झाला. रविवारी त्यांच्या शाळेतल्या मुलांचा गाण्याचा कार्यक्रम आहे, बाई स्टेजवर उभ्या राहून मुलांकडून गाऊन घेणार. गडद निळं कापड आहे, तुला आवडलं असतं.

बाई या वेळीही फिटिंगला आल्या नाहीत. आरशासमोर उभं राहायचं त्या टाळतात, तुला माहीतच आहे. निरोप नेहमीचाच: "ताईंच्या अंगावर बसला की मला बसलाच." आणि आजवर बसतच आलाय. त्यांचं माप आणि माझं माप एक, वर्षानुवर्षं आपण तो एकच कागदाचा नमुना वापरतोय. त्याच नमुन्यावर कापला. अंगात घालून बघते तर सैल! मला वाटलं, कापताना हात ढिला पडला, अजून अंगात म्हणावी तशी ताकद नाही म्हणून असेल. मग दोन्ही बाजूंनी आत घेतला, खांद्यात घेतला, बाह्या घेतल्या. निळ्या कापडाची शिवण जाड दिसायला लागली म्हणून शिवणीच्या आत राखलेली सगळी माया कापून टाकली. आता कसा चापूनचोपून बसलाय. तू असतीस तर खुसपट काढलं असतंसच, म्हणून नाहीस तेच बरं.

जेवण चाललंय. उकडलेला बटाटा कुस्करून, भोपळ्याचं सूप, काटे काढलेला मासा. मासा पोटात राहिला. गोड मात्र तोंडात धरवत नाही, जिभेला झालंय तरी काय कोण जाणे. पावाला मी हात लावलेला नाही. लावला तरी एक कड, आणि तीही चघळून टाकून दिली. आहारवाल्या बाईंना सांगू नकोस.

मावशी म्हणाली, तू तिच्या पडद्यांना अस्तर लावून देतेयस. आपल्या दुकानात सहा कोट अस्तराची वाट बघत पडलेत. आपलं सहज सांगितलं.

ताई


२९ एप्रिल, मंगळवार

छोटे,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

बाईंचा झगा फाटला. कार्यक्रमात, सगळ्यांसमोर. गाणं सुरू करायला बाईंनी दोन्ही हात वर केले आणि काखेपासून कमरेपर्यंत उसवत गेला. पुढच्या रांगेतल्या आयांनी तो आवाज ऐकला म्हणे. बाई थांबल्या नाहीत. डावं कोपर अंगाशी घट्ट दाबून त्यांनी सगळा कार्यक्रम एका हाताने पार पाडला.

काल झगा पिशवीत घालून घेऊन आल्या. मला वाटलं होतं दुकान डोक्यावर घेतील. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मी दुसरा शिवून देते," मी म्हटलं.

"शिवाल हो," त्या म्हणाल्या, "पण बघाल कुणाच्या अंगावर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रागाने नाही गं. आपलं माणूस गर्दीत ओळखू येत नाही तेव्हा बघतात तसं.

"तुम्हाला सांगते ताई, मी इथे का यायचे. इथे पोट आत ओढून उभं राहावं लागायचं नाही. काल स्टेजवर मला वाटलं, मीच एका रात्रीत वाढले. घरी जाऊन वजन केलं हो मी. कपडे न बदलता, तशीच काट्यावर उभी राहिले."

मग विचारलं, "धाकट्या ताई कधी येणार?" मी म्हटलं, येईल लवकर. त्यांनी झगा टेबलावर ठेवला आणि गेल्या.

उसवलेली शिवण पुन्हा घालायला आत कापडच नाही. मीच कापलंय. रोज स्वतःच्या कपड्यांना पिना लावणारी मी, आणि मला एवढं सुचू नये? पण टेबलाशी बसले की मी जुनीच ताई असते. माझ्या मनातून ती बाई अजून गेलेलीच नाही. झगा सैल झाला तेव्हा झग्याची चूक वाटली, माझं अंग बदललं असेल असं मनातही आलं नाही.

आज काहीच खाल्लं नाही. म्हणजे चालतं मला तसं. भूक कुठे आहे.

ताई


४ मे, रविवार

छोटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "माप कुणाचं घेतलंस?" एवढ्यासाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टमनचे कष्ट. तरी ते पाकीट मी दिवसभर जाकिटाच्या खिशात घेऊन फिरले.

माप कुणाचंच घेतलं नाही. टेप गळ्यात लटकत होती आणि मी डोळ्यांवर आणि अंगावर विश्वास ठेवला. झालं समाधान?

आता नीट ऐक. बाईंना दुसरा झगा द्यायचाय आणि माझ्या अंगाचा आता काही उपयोग नाही. तुझ्या अंगावर बघता येईल, तू त्यांच्याहून अंगाने थोडी मोठी, तेवढं हाताच्या अंदाजाने जमेल तुला. ये ना. दुकान तुझंही आहे.

घरातलं मात्र मी म्हटलं तसंच राहील. मला तळणीच्या वासाने ढवळतं, हे नाटक नाही. मी खाते ते मऊ जेवण तू खाल्लंस तर बिघडलं कुठे? तुझ्या साखरेलाही बरंच आहे. ऑपरेशनला घाबरलीस हे मी समजू शकते, सगळ्यांनाच माझ्यासारखं काळीज नसतं. पण निदान हे तरी कर.

चक्कर एकदाच आली. उन्हामुळे.

ताई


१२ मे, सोमवार

छोटे,

काल तू गेलीस. तुझी गाडी वळेपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, तू मागे बघितलं नाहीस. बरोबरच केलंस.

मी दुकानात कोसळले म्हणून इस्त्रीवाल्या काकांनी तुला फोन केला हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. माणसाने जमिनीवरून उचलून बसवलं, पाणी पाजलं, आणि मी त्याच्यावरच ओरडतेय. अंगातलं पाणी संपलं होतं, डॉक्टर म्हणाले. जेवताना पाणी नको म्हणता म्हणता मी प्यायचंच विसरत गेले, आणि जेवणही होत नव्हतंच. हे सगळं तू आल्यावर तुला कळलंच. तू माझ्या हाताशी बाटली ठेवलीस आणि यंत्रावर बसून दर थोड्या वेळाने नुसती भुवई वर करायचीस. मी निमूट प्यायचे. नव्या निळ्या कापडाचा झगा तू दोन दिवसांत उभा केलास. तुझ्या अंगावर चढवून, जिथे सैल हवा तिथे चिमटीत धरून मला दाखवायचीस आणि मी खूण करायचे. इतक्या दिवसांनी दुकानात काम होतंय असं वाटलं. आज बाई आल्या होत्या. घालून बघितला, आणि चक्क आरशासमोर दोन्ही हात वर केले. तुला सांगायला सांगितलंय.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

दोन्ही दुपारी तू मागच्या खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस. म्हणालीस, अस्तराचं कापड शोधते. डब्याचं झाकण उघडताना तू खोकलीस. छोटे, मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते, तुला खोकला नव्हता. मी वाटीत दही घेऊन दाराच्या अलीकडे बसले होते. तू इतकं भराभर जेवलीस की मला चमचा दोनदासुद्धा खाली ठेवता आला नाही. मग नळ सोडलास, डबा धुतलास आणि तोंड पुसत बाहेर आलीस. "कापड सापडलं नाही," म्हणालीस.

बाहेर कुठे जेवायला गेलो की आपण कोपऱ्यातलं टेबल बघायचो. भिंतीकडे तोंड करून बसायचो. लोक आधी आपल्याकडे बघतात, मग आपल्या ताटात बघतात, मग एकमेकांकडे. तुला ते जास्त लागायचं, अर्धं टाकून उठायचीस आणि म्हणायचीस, घरी जाऊन जेवू. घरी तू मांड्या पसरून बसायचीस, बोटं चाटायचीस, गाणं म्हणत वाढून घ्यायचीस. या जगात तेवढी एकच जागा होती जिथे तू न घाबरता जेवायचीस. ती मी बंद केली. बाहेरच्या लोकांनी जे केलं नाही ते मी केलं, सख्ख्या बहिणीने, आणि वर हक्काची भाषा केली.

गाडीत बसता बसता तू म्हणालीस, "मी सुईला घाबरले नव्हते, ताई. नंतरच्या संध्याकाळींना घाबरले. तू एवढंसं खाणार, मी एवढंसं खाणार, आणि मग एकमेकींकडे बघत काय करणार आपण?" मी तुला भित्री म्हणत होते आणि तू जिला घाबरलीस त्या संध्याकाळीत मी महिनाभर एकटी बसलेय. ती वाईट आहे. तू बरोबर होतीस.

तेव्हा मी सांगितलेलं सगळं रद्द. घरात तुला हवं ते शिजव. मला ढवळलं तर मी खिडकी उघडीन, फार झालं तर बाहेर पायरीवर जाऊन बसेन आणि परत येईन. ऑपरेशन तुला करायचं तर कर, नको तर नको. मी पुन्हा विषय काढणार नाही. काढीन, मला ओळखतेसच तू, पण तेव्हा मला खुशाल गप्प बस म्हण. तुझ्या साखरेची मला काळजी वाटते, ती वाटणारच, तेवढी राहू दे माझ्याकडे.

दुकानासाठी ये असं म्हणत नाही. कोट पडू देत, गिऱ्हाइकं जाऊ देत. मला तू हवीयेस. आपल्या टेबलाशी, दार उघडं टाकून, पोटभर जेवताना. मी हळूहळू माझी वाटी संपवीन. तुझं होईपर्यंत उठणार नाही.

दमले गं. ये.

ताई


१६ मे, शुक्रवार

ताई,

पत्र माझ्याआधी मावशीने वाचलं, रडून घेतलं आणि मग मला दिलं. पाकीट ओलं झालंय ते तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने येते. स्वयंपाक मी करीन, तुझ्या जिभेचा आता भरवसा नाही. तुझं मऊ वेगळं करीन, माझं वेगळं, आणि माझं नेहमीएवढंच असेल. तू समोर बसायचंस. माझ्या ताटात बघितलंस तरी चालेल, पण मोजायचं नाही.

ऑपरेशनचं मला अजून कळत नाही. कळलं की सांगेन, तोवर विचारू नकोस.

जेवणं झाल्यावर काय करायचं ते मलाही माहीत नाही. बसू नुसत्या.

छोटी